जुन्या जर्मन एअरगन भंगारात घालू नका

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात बेळगावातील एका भंगाराच्या दुकानात सायकलींच्या जुन्या चौकटींच्या ढिगाखाली मला एक ओळखीची नळी दिसली. ती ओढून काढली तेव्हा डायना मॉडेल २७ या जर्मन छर्र्याच्या बंदुकीचा नळीसकट अख्खा सिलिंडर हाती आला. दस्ता बहुधा जळणात गेला होता आणि मागची साइट, म्हणजे नेम धरायची खाच, कुणीतरी उचकटून काढली होती. पण सिलिंडरच्या पाठीवर, धनुष्यबाण टाकून देऊन बंदूक डोक्यावर उंच धरलेल्या डायना या रोमन शिकारदेवीची छोटी मुद्रा गंजाखालूनही स्पष्ट दिसत होती. दुकानदाराने तो तुकडा काट्यावर ठेवला, लोखंडाचा भाव लावला आणि माझ्या पिशवीत टाकला. घरी येईपर्यंत मन अस्वस्थ होते. आपल्या भागातील अनेक घरांत, विशेषतः खानापूर, जांबोटी, निपाणी, चिकोडी या बाजूच्या जुन्या वाड्यांत आणि बेळगावच्या लष्करी कॅम्पाशी संबंध असलेल्या कुटुंबांत, अशा बंदुका माळ्यावर पडून आहेत. घराची वाटणी झाली किंवा वाडा पाडून नवे बांधकाम निघाले, की त्या पहिल्या गाडीत भंगाराला जातात. त्या जाऊ नयेत, यासाठी हे पत्र.

मी उद्यमबागेतील कारखान्यांत पस्तीस वर्षे लेथवर काम केले. बंदुकीचे वेड मला वडिलांकडून मिळाले. १९६८ साली कॅम्पातून बदली होऊन निघालेल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून त्यांनी डायना २७ विकत घेतली होती. सिलिंडरच्या मागच्या टोकाला डाव्या अंगावर बारीक आकड्यांत महिना आणि वर्ष ठोकलेले असते. आमच्या बंदुकीवर १९६३ साल आहे. शहापुरातील आमच्या परसात वाळू भरलेले पोते भिंतीला टेकवून त्यावर कागद लावायचा, दहा पावले मागे यायचे आणि पाच छर्रे मारून झाले की बंदूक खाली ठेवूनच कागद पाहायला जायचे, असा वडिलांचा शिरस्ता होता. झाडावरच्या पाखरावर नळी रोखली तर बंदूक आठ दिवस कुलपात जाई. माझ्या बाबतीत ती एकदा गेली होती, आणि पुन्हा तशी वेळ आली नाही.

या बंदुकीत असे काय आहे, असे मला नेहमी विचारले जाते. बाहेरून पाहिले तर ती साधीच आहे. वजन अडीच-पावणेतीन किलो, दस्ता बीचच्या लाकडाचा, नक्षीकाम नाही. पण नळी मोडून खाली ओढायला लागलो, की स्प्रिंग एकसारख्या जोराने दबत जाते, कुठे खडखड नाही, कुठे अडखळणे नाही, आणि शेवटी चाप पकडल्याचा एक बारीक, कोरडा आवाज येतो. छर्रा अंगठ्याने नळीत दाबायचा, नळी वर आणायची. ती मिटते तेव्हा चांगल्या तिजोरीचे दार लागावे तशी लागते. साठ वर्षांनंतरही ती हलत नाही, कारण नळी ज्या बोल्टवर फिरते तो बोल्ट झीज होईल तसा किंचित आवळता येतो आणि एका छोट्या स्क्रूने जागच्या जागी बांधता येतो. हे पुढे झिजणार, आणि कुणीतरी ते घरी बसून दुरुस्त करणार, एवढा विचार करूनच कारागिराने तो बोल्ट तिथे बसवला आहे. लेथवर आयुष्य घालवलेल्या माणसाला हा विचार हाताला जाणवतो.

स्प्रिंगच्या एअरगनमध्ये हवा साठवलेली नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चाप ओढला की दबलेली स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, दट्ट्या समोरची हवा क्षणात दाबतो, ती तापते आणि छर्र्याला ढकलते. हा सगळा खेळ काही हजारांश सेकंदांत आटोपतो. पण जड दट्ट्या पुढे झेपावताना बंदूक मागे सरकते, आणि दाबलेल्या हवेच्या गादीवर दट्ट्या थबकला की ती पुढे ओढली जाते. छर्रा बाहेर पडायच्या आधीच ही हालचाल सुरू झालेली असते. म्हणून ही बंदूक घट्ट आवळून धरणाऱ्याचा नेम चुकतो. डाव्या हाताच्या तळव्यावर ती नुसती टेकवायची आणि तिला हवे तसे हलू द्यायचे. ती दरवेळी एकसारखी हलली, की छर्रे एकाच भोकात जायला लागतात. आज मिळणाऱ्या हवा भरून ठेवायच्या महागड्या रायफली हा धडा देत नाहीत, कारण त्या हलतच नाहीत. स्प्रिंगच्या बंदुकीवर जो शिकला, त्याचे श्वासाकडे आणि बोटाकडे आपोआप लक्ष राहते.

आता जी चूक माझ्या हातून झाली ती सांगतो, कारण आजही अनेक जण तीच करत आहेत. १९९० च्या सुमारास स्प्रिंग थकली म्हणून मी बंदूक एका दुरुस्तीवाल्याकडे दिली. "साहेब, आता एका बाजूने पत्रा फोडेल," असे सांगून त्याने जाड तारेची, लांब स्प्रिंग आत कोंबली. मीही तेव्हा खूश झालो. महिन्याभरात नळी ओढताना खांदा भरून यायला लागला, पूर्वी आठ आण्याच्या नाण्याखाली झाकले जाणारे पाच छर्रे पानभर पसरायला लागले, आणि दिवाळीच्या आधी दस्त्याला पुढच्या स्क्रूपाशी उभी चीर गेली. पत्रा काही फुटला नाही. आतला चामडी वॉशर मात्र पार भुगा झाला होता, कारण जादा जोराने आलेला दट्ट्या हवेच्या गादीवर न थांबता समोरच्या भिंतीवर आदळत होता. ज्या सिलिंडरला आणि छर्र्याला जेवढा जोर पेलतो, तेवढाच जोर मूळच्या स्प्रिंगमध्ये मोजून दिलेला असतो. जर्मनीत तर १९७० पासून पंचकोनात एफ हे अक्षर असलेल्या एअरगनला छर्र्याच्या ऊर्जेची साडेसात जूलची मर्यादा आहे. असे चिन्ह असलेली बंदूक कुणाच्या घरी असेल तर ती दुबळी आहे असे समजून तिला 'ताकद' देण्याच्या फंदात पडू नये.

त्यानंतर मी ठरवले की ती स्वतः उघडायची. आमच्या कारखान्यात मायक्रोनमध्ये मापे सांभाळणारी माणसे होती, तरी पहिल्यांदा ती बंदूक उघडताना माझे हात थरथरले. दस्ता उतरवला, स्प्रिंगचा जोर लाकडाच्या ठोकळ्यावर तोलून धरला, मागच्या दोन आडव्या पिना काढल्या आणि चापाची यंत्रणा हळूच मागे येऊ दिली. तेवढ्यात आतून तीन छोट्या पोलादी गोळ्या टणटण करत शहाबादी फरशीवर उड्या मारत गेल्या. दोन कपाटाखाली सापडल्या. तिसरी चुंबक दोरीला बांधून मोरीजवळून काढली. डायनाच्या या चापाची सारी करामत त्या तीन गोळ्यांत आहे. दट्ट्याच्या दांड्याला एक खाच असते, तिच्यात या गोळ्या तिन्ही बाजूंनी बसतात आणि बाहेरची नळकांडी त्यांना आत दाबून धरते. चाप ओढला की नळकांडी जराशी सरकते, गोळ्यांना बाहेर पडायला जागा मिळते आणि दांडा सुटतो. एवढा जोर धरून ठेवायचा आणि तो बोटाच्या इतक्या हलक्या दाबाने सोडायचा, यासाठी यापेक्षा साधी युक्ती मला तरी सुचली नसती. परत बसवताना त्या गोळ्या जागेवर राहत नाहीत. घट्ट ग्रीसच्या थेंबात चिकटवून त्यांना आत न्यावे लागते. हे कळायला मला दोन रविवार लागले.

वॉशरची गोष्ट आणखी लांबली. पितळी स्टोव्हच्या पंपात वाटीसारखा चामडी वॉशर असे आणि तो वाळला की आई त्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडत असे, हे माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. डायनाच्या दट्ट्यावर तोच वॉशर असतो, फक्त मोठा आणि जाड. बाजारात मिळालेले चामडे क्रोमने कमावलेले, लिबलिबीत. ते वाटीचा आकारच धरेना. शेवटी आपल्या जिल्ह्यात कोल्हापुरी चपला बनवणाऱ्या अथणीला गेलो. कोल्हापुरी चपलांना २०१९ साली जे भौगोलिक मानांकन मिळाले त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकाचेही चार जिल्हे आहेत आणि बेळगाव त्यांपैकी एक, हे सर्वांना माहीत आहेच. तिथल्या एका वयस्कर कारागिराकडे झाडाच्या सालीने कमावलेल्या म्हशीच्या कातड्याचा तळव्यासाठी ठेवलेला तुकडा होता. "एवढंच कशाला पाहिजे, काका? एका पायाचं चप्पलसुद्धा होत नाही ह्यात," असे तो म्हणाला. बंदुकीचे सांगितल्यावर त्याने तुकडा बोटांत वाकवून पाहिला, बाजूला ठेवला आणि आतून दुसरा, पाठीच्या भागाचा, अधिक घट्ट दाण्याचा तुकडा आणून दिला. त्याचे पैसे घ्यायलाही तो तयार नव्हता.

घरी लेथवर दोन भागांचा साचा काढला. चामडे कोमट पाण्यात भिजवले, साच्यात घालून बोल्टने आवळले आणि चार दिवस सावलीत ठेवले. वाळल्यावर पातळ धारेच्या टूलने कडा कापून सिलिंडरच्या मापाला आणली, मग गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेल्या नीट्सफूट तेलात दोन रात्री बुडवून ठेवले. यंत्राचे खनिज तेल मात्र दट्ट्यासमोर चुकूनही जाऊ देऊ नये. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेट घेते, नळीतून धूर निघतो, मोठा बार होतो आणि स्प्रिंग तुटते. मूळ मापाची स्प्रिंग पुण्याहून मिळाली. पहिले वीस-तीस छर्रे थोडा धूर आला, नंतर आवाज बसला. धातूचा झणझणाट गेला आणि जुना, लाकडावर मुठीने ठोकल्यासारखा 'ठप्' आवाज परत आला. तो वॉशर आजही आत आहे. जर्मनीतील राश्टाट गावी बनलेल्या यंत्रात अथणीचे कातडे आणि उद्यमबागेचा साचा बिनतक्रार काम करतात, याचे मला फार समाधान आहे.

या बंदुकांमागचा इतिहासही आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांना जवळचा वाटावा असा आहे. डायना बनवणारा मायर आणि ग्रामेलश्पाखर यांचा कारखाना ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात, फ्रान्सच्या सीमेजवळ. दुसऱ्या महायुद्धानंतर नुकसानभरपाई म्हणून त्यांची यंत्रे आणि डायना हे नावदेखील ब्रिटनकडे गेले. स्कॉटलंडमध्ये मिलब्रो कंपनी त्याच नावाने बंदुका बनवू लागली आणि राश्टाटच्या मूळ कारखान्याला ब्रिटनमध्ये आपला माल 'ओरिजिनल' या नावाने विकावा लागला. ते नाव परत मिळायला १९८० चे दशक उजाडले. वायराउख, वाल्थर आणि आन्शुट्झ हे बंदुकांचे दुसरे तिन्ही जर्मन कारखाने मूळचे थुरिंजियातील त्सेला-मेलिस या बंदूककारांच्या गावचे. युद्धानंतर तो मुलूख पूर्व जर्मनीत गेला, तेव्हा वाल्थर आणि आन्शुट्झ उल्म शहरी गेले आणि वायराउखने सीमेच्या अगदी अलीकडे मेलरिशश्टाट येथे पुन्हा सुरुवात केली. नकाशावरची रेघ हलली की माणसांच्या रोजगाराचे आणि नावागावाचे काय होते, हे बेळगावकरांना वेगळे सांगायला नको. घरदार मागे ठेवून आलेल्या त्या कारागिरांनी मात्र हातातली सफाई सोडली नाही.

वायराउखची एचडब्ल्यू ३५ ही १९५१ साली निघालेली रायफल निपाणीकडच्या एका स्नेह्यांकडे आहे. ती साडेतीन किलोच्या पुढे भरते आणि तिची नळी मोडण्याआधी बाजूची एक कळ अंगठ्याने ढकलावी लागते. तिचा रेकॉर्ड नावाचा चाप दोन टप्प्यांचा आहे: पहिला टप्पा सहज मागे येतो, मग बोटाला भिंत लागते, आणि त्या भिंतीवर किंचित मन एकवटले की छर्रा सुटतो. फाइनवेर्कबाउची ३०० ही रायफल मी आयुष्यात एकदाच, कोल्हापुरात, हाताळली. माउझर या बंदूक कंपनीतून बाहेर पडलेल्या दोन अभियंत्यांनी ओबेर्नडॉर्फ येथे उभा केलेला हा कारखाना. बंदूक हलते ही अडचण त्यांनी वेगळ्याच रीतीने सोडवली. बार उडताच नळी आणि सिलिंडर दस्त्यातल्या रुळांवर मागे सरकतात आणि नेमबाजाच्या गालाला काही कळतसुद्धा नाही. डायनानेही मॉडेल ६० पासून दोन दट्टे एकमेकांविरुद्ध पळवून धक्का मारून टाकण्याची युक्ती केली होती. दहा मीटर एअर रायफल १९८४ साली लॉस एंजेलिसला ऑलिंपिकमध्ये आली, त्याच काळात स्पर्धेतून स्प्रिंगची सद्दी संपत चालली होती. तोवर जगातल्या नेमबाजीच्या मैदानांवर या जर्मन रायफलींचाच दबदबा होता.

आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याने तेजस्विनी सावंत यांच्या रूपाने २०१० साली म्युनिकला जगज्जेतेपद मिळवले आणि २०२४ साली राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला ऑलिंपिक कांस्यपदक जिंकले. ती दोन्ही यशे पन्नास मीटरवरची, निराळ्या रायफलीची आहेत. पण नेमबाजीत पाऊल टाकणारे बहुतेक मूल एअर रायफलवरच उभे राहते. दहा मीटरच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ज्या आईवडिलांना लाखाच्या घरातली नवी रायफल परवडत नाही, त्यांच्या माळ्यावर पडलेली डायना २७ मुलाला उभे राहणे, श्वास धरणे आणि चाप न झटकणे शिकवायला पुरेशी आहे.

हे लिहिताना दोन गोष्टी स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. एअरगन हे खेळणे नव्हे. जुन्या डायनाला सुरक्षेचा खटका नसतो. छर्रा घालताना नळी एका हाताने घट्ट धरून ठेवावी, नाहीतर ती सुटून बोटे चेचते. छर्रा न घालता चाप ओढू नये, दट्ट्या भिंतीवर आदळतो. कॉक करून, म्हणजे स्प्रिंग दाबलेली, ठेवून देऊ नये. डोळ्यांवर चष्मा असावा आणि मूल एकटे नसावे. दुसरी गोष्ट कायद्याची. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० जूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. मात्र काही जुन्या जर्मन बंदुका ५.५ मिलिमीटरच्याही आहेत, तेव्हा आपल्याकडची बंदूक कोणती ते नळीवरचा आकडा वाचून आधी पाहावे आणि शंका असल्यास रीतसर विचारणा करावी. पक्ष्यांवर ती चालवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी जांबोटी-कणकुंबीच्या रानाशेजारी राहणाऱ्या माणसाने ते करू नये.

ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे त्यांना माझी विनंती आहे की, या पावसाळ्याआधी ती माळ्यावरून खाली काढावी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात. रेक्झिनच्या किंवा चामड्याच्या म्यानात ठेवलेल्या नळीला दोन आठवड्यांत तांबेरा चढतो. बाहेरून पातळ तेलाचा हात फिरवून सुती कापडात सैल गुंडाळली आणि हवेशीर कपाटात उभी ठेवली तर ती टिकते. गंज चढला असेल तर पॉलिश पेपर लावू नये, त्याने निळसर काळा मुलामाच निघून जातो; तेलात भिजवलेल्या पितळी तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासावे. दुरुस्तीला देताना 'जोर वाढवून द्या' असे म्हणू नये. उद्यमबाग, शहापूर, अनगोळ या भागांत लेथवर बसणारे शेकडो हात आहेत आणि अथणीला चामडे जाणणारी माणसे आहेत. वॉशर, पिना, स्क्रू यांपैकी इथे न बनण्यासारखे काहीच नाही. माझ्याकडे असलेला वॉशरचा साचा मी कोणालाही विनामूल्य वापरायला देईन. आपल्या कार्यालयामार्फत कळवल्यास मी जरूर संपर्क साधीन.

भंगारातून आणलेला तो सिलिंडर मी रॉकेलमध्ये आठवडाभर ठेवला होता. परवा मागच्या टोकाचा गंज निघाला आणि त्याखाली १९६१ साल दिसले. नळी आतून स्वच्छ आहे, उजेडाकडे धरली की आटे अजून चमकतात. चापाच्या तीन गोळ्यांपैकी एकच मिळाली, बाकीच्या दोन एका बेअरिंगमधून मापाने निवडल्या आहेत. आता अडले आहे ते दस्त्याचे आणि मागच्या साइटचे. डायना २७ चा सुटा दस्ता कुणाच्या माळ्यावर, कोनाड्यात पडला असेल तर कृपया कळवावे. मिळाला नाही तर आमच्या जुन्या घराच्या शिसवीच्या चौकटीचा एक वासा मी राखून ठेवला आहे. दिवाळीनंतर त्यातून दस्ता कोरायला घेईन.

आपला विश्वासू,
एक वाचक (निवृत्त टर्नर)
शहापूर, बेळगाव